कापसासाठी बांधलेले मासळीचे बंदर

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावातील माणसाचा समुद्राशी काही संबंध असेल, असे त्याला स्वतःला तरी सहसा वाटत नाही. आमच्या तेल्हारा-अकोट भागाच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील विहिरींचे मचूळ पाणी एवढाच काय तो खाऱ्या पाण्याशी आमचा परिचय. परंतु मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात ससून डॉक नावाची जी जुनी गोदी आहे आणि जेथे आज पहाटेच्या अंधारात मासळीच्या लिलावाची धांदल उडते, ती गोदी मुळात कापसाच्या व्यापारासाठी बांधली गेली आणि त्या व्यापारात वऱ्हाडच्या कापसाचा हिस्सा मोठा होता, हे एकदा ध्यानात आले म्हणजे हे बंदर परक्या मुलखातले राहत नाही. ते पाहावे आणि ते चालविणाऱ्या बंदराधिकाऱ्याची गाठ घ्यावी, या इच्छेचे मूळ येथे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे येतच नसे, असे म्हटले तरी चालेल. तो बैलांच्या पाठीवर लादून, वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, शेकडो कोसांचा प्रवास करीत गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई व तेथून नावांनी कलकत्त्यास पोहोचे. वाटेत धुळीने माखलेला आणि पावसात सापडला तर कुजलेला हा माल कोणत्या किमतीला विकला जात असेल, याची कल्पना शेतकऱ्याला सहज येईल. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी सुमारे ५०० बैलांवर वऱ्हाडचा कापूस लादून घाटमार्गे मुंबईस आणला, हा या दिशेचा पहिला मोठा प्रयत्न होय. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली सोपविला, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि जगाची दृष्टी एकाएकी आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात आमचा कापूस उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, १८६५ साली मुंबईतल्या शेअरबाजाराचा डोलारा जमीनदोस्त झाला, कित्येक पेढ्या बुडाल्या. परंतु त्या चार-पाच वर्षांत कापसासाठी जो मार्ग मोकळा झाला होता, तो पुन्हा बंद झाला नाही. बोरघाट १८६३ मध्ये व थळघाट १८६५ मध्ये आगगाडीने ओलांडला, १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला जाऊन भिडला, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या कापूसबाजाराच्या व तेथील लोहमार्गाच्या उद्‌घाटनासाठी आले. वखारीतून निघालेली गठाण थेट युरोपच्या वाटेला लागण्यास आता एकच अडचण उरली होती, आणि ती मुंबईच्या किनाऱ्यावर होती.

ही अडचण भरती-ओहोटीची. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल मचव्यांतून व पडावांतून त्यांच्याकडे न्यावा लागे. पाणी उतरले की पडाव चिखलात रुतत, वारा उठला की काम थांबे, आणि प्रत्येक चढउताराला हमाली, खोळंबा व नुकसानी यांची भर पडे. यावर उपाय म्हणजे दरवाज्यांची बंदिस्त गोदी. भरतीच्या ऐन उंचीला तिचे दरवाजे उघडून जहाज आत घ्यावयाचे आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी ते मिटून आतले पाणी कोंडून धरावयाचे, म्हणजे बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगतेच राहते व धक्क्याला लागून माल भरता येतो. पश्चिम हिंदुस्थानातील अशी पहिली गोदी बांधण्याचे श्रेय सरकारकडे जात नाही. ते डेव्हिड ससून यांच्या पेढीकडे जाते. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेले आणि १८६४ मध्ये पुण्यास निवर्तलेले हे ज्यू व्यापारी पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांचे पुत्र अब्दुल्ला, म्हणजेच पुढे सर अल्बर्ट ससून, यांच्या काळात कुलाब्याला समुद्र हटवून ही गोदी १८७५ मध्ये पुरी झाली. कापसाचा बाजारही त्या वेळी कुलाब्यातच भरत असे, हे लक्षात घेतले म्हणजे जागेची निवड किती विचारपूर्वक होती ते कळते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे ही गोदी १८७९ मध्ये आली. त्यानंतर प्रिन्सेस, व्हिक्टोरिया व अलेक्झांड्रा या गोद्या अनुक्रमे १८८०, १८८८ व १९१४ मध्ये तयार झाल्या, जहाजांचा आकार वाढत गेला, मोठा व्यापार तिकडे वळला, कापसाचा बाजार शिवडीला गेला, आणि कुलाब्याची ही धाकटी गोदी हळूहळू कोळ्यांच्या हाती आली. व्यापाऱ्याने टाकलेली जागा मच्छीमाराने वसविली आणि आजवर ती जागती ठेवली, ही घटना मला गोदी बांधण्याच्या घटनेइतकीच मोलाची वाटते.

गोदीचे खरे रूप पहाटे चारच्या पुढे दिसते. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या ट्रॉलरांच्या रांगेतून खलाशी मासळीच्या पाट्या हातोहात पुढे देतात, आणि पाणी खाली असेल त्या वेळी बोटीवरून धक्क्यापर्यंतचे अंतर त्या पाट्या फेकूनच पार करावे लागते. खालचा माणूस न बघता फेकतो, वरचा न बघता झेलतो, आणि रिकामी पाटी त्याच हिसक्यात परत जाते. बर्फाच्या लाद्या यंत्रात भरडल्या जात असतात. ओल्या फरशीवर बोंबील, मांदेली, बांगडा, ढोमा, राणीमासा, म्हाकूळ यांचे निरनिराळे ढीग लागतात व लिलाव पुकारणाऱ्याभोवती कोळणी आणि व्यापारी कोंडाळे करतात. ज्यांना पारख आहे, त्या पापलेटचा कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग पाहतात, डोळा बसला आहे की फुगीर आहे ते न्याहाळतात, आणि एवढ्या क्षणात बोली करतात किंवा पाठ फिरवितात. आमच्याकडे मोंढ्यात गाडीतला कापूस ओढून धागा किती लांब निघतो हे पाहणारा व्यापारी ज्या एकाग्रतेने पाहतो, तीच एकाग्रता या बायकांच्या चेहऱ्यावर असते.

या सगळ्या गर्दीच्या वरच्या अंगाला बंदराधिकाऱ्याची कचेरी. बंदराधिकारी म्हणजे दंडुका घेऊन धक्क्यावर फिरणारा अंमलदार, अशी जी समजूत लांबच्या माणसाची असते, ती या खोलीत पाऊल टाकताच मावळते. भिंतीवर समुद्राचा नकाशा, त्यावर सर्वत्र मुंगीएवढे आकडे. टेबलावर भरती-ओहोटीचे वर्षभराचे कोष्टक. एका बाजूला वायुभारमापक आणि दुसऱ्या बाजूला रेडिओ, ज्याचा सोळा क्रमांकाचा मार्ग जगभरच्या जहाजांनी संकटसमयी हाक मारण्यासाठी राखून ठेवलेला आहे. साहेबांनी, म्हणजे नाखवे व तांडेल ज्यांना त्याच एका नावाने हाक मारतात त्या गृहस्थांनी, प्रथम त्या आकड्यांचा अर्थ समजावून दिला. नकाशावरची खोली ही पाण्याच्या अगदी नीच पातळीपासून मोजलेली असते. ओहोटी कितीही ओसरली तरी त्याहून खाली पाणी सहसा जात नाही. म्हणून त्या आकड्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळविली म्हणजे प्रत्यक्ष पाणी किती ते निघते. समजा नकाशावर एक मीटर लिहिले आहे आणि भरती साडेतीन मीटर आहे, तर साडेचार मीटर पाणी मिळाले. दोन मीटर बुडणारी बोट सुखाने आत येईल. तीच बोट सहा तासांनी आली तर तिला बाहेर थांबावे लागेल. आमच्याकडे विहिरीची खोली परसांत मोजतात, जुने तांडेल समुद्राची खोली वावांत सांगतात; आता प्रतिध्वनीच्या यंत्राने ती मोजली जाते, परंतु बेरीज तीच करावी लागते.

हे कोष्टक पाहून मी काहीसा भांबावलो असावा, कारण साहेबांनी हसून विचारले, “तुमच्या घरी पंचांग असेलच ना?” आणि मग कोळ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब त्यांनी सांगितला, जो वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला घरबसल्या करता येईल. त्या दिवशी जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी; येईल त्या वाजण्याच्या सुमारास मुंबईला पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी व रात्री तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाला. पौर्णिमा-अमावास्येला मध्यान्ही व मध्यरात्री. भरतीपासून सहा तासांवर ओहोटी. या सोप्या हिशेबामागचे शास्त्रही तितकेच नेटके आहे. भरतीचे पाणी मुख्यत्वे चंद्राच्या आकर्षणाने चढते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला म्हणजे एक तिथी होते. पृथ्वीला ३६० अंश फिरण्यास २४ तास लागतात, तेव्हा १२ अंशांना ४८ मिनिटे, म्हणजे पाऊण तासाहून थोडी अधिक. तिथीगणिक भरती तेवढीच पुढे ढकलली जाते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात, त्या सुमारास उधाण येते, आणि मुंबईला पाणी नकाशाच्या शून्य पातळीपासून साडेचार मीटरच्या आसपास चढते, पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला तर पाच मीटरच्या जवळ जाते. अष्टमीच्या पुढेमागे दोघांचे ओढणे काटकोनात येऊन एकमेकांना उणे करते, त्याला भांग म्हणतात, आणि त्या दिवसांत पाणी ना फार चढते ना फार उतरते. एकादशीचा उपास व अमावास्येचा पोळा पाहण्यासाठी जे पंचांग आपण भिंतीला टांगतो, त्यात समुद्राची वेळही लिहिलेली आहे, हे मला त्या खोलीत प्रथमच उमगले आणि त्याचा आनंद फार झाला.

बंदराधिकाऱ्याचे दुसरे मोठे काम इशाऱ्याचे. वर्तमानपत्रात ‘बंदरात तीन नंबरचा बावटा’ असे आपण वाचतो व पान उलटतो. वस्तुतः हे नंबर एक ते अकरा असतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. पहिले दोन दूर समुद्रातल्या वादळाविषयी, तिसरा व चौथा खुद्द बंदराला वाऱ्याचा उपद्रव होण्याच्या संभवाविषयी, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे, आणि अकरावा सर्वांत चमत्कारिक, कारण हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे, आता स्वतःच्या अनुमानाने वागा, असे तो सांगतो. दिवसा हे इशारे शंकूच्या व नळकांड्याच्या आकृती उंच खांबावर चढवून देतात, रात्री तांबड्या-पांढऱ्या दिव्यांनी. १८६४ च्या भयंकर वादळानंतर १८६५ मध्ये कलकत्त्यास ही पद्धत प्रथम सुरू झाली, आणि देशाचे हवामान खाते ज्या १८७५ मध्ये स्थापन झाले, त्याच वर्षी ही गोदी तयार झाली व त्याच वर्षी कुलाब्याच्या टोकाबाहेर खडकावर प्राँगचे दीपगृह उभे राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटी शेकडो मैल वाहवत येऊन आपल्या देवगडच्या बंदरात आश्रयाला लागल्या. ज्यांना इशारा वेळेवर पोहोचला नाही, त्यांच्यापैकी पुष्कळ परत आलेच नाहीत. खांबावर चढविलेल्या त्या आकृतीची किंमत अशा वेळी कळते.

अशा अधिकाऱ्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दख्खनच्या सुलतानांच्या काळी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवर शहाबंदर नेमलेला असे; येणाऱ्या गलबतांची नोंद, मालाची जकात, परदेशी सौदागरांचे तंटे व त्यांची राहण्याची सोय ही त्याच्या जिम्म्याला असत. मराठ्यांच्या आरमाराने दस्तक देऊन गलबतांचा मार्ग नियमित केला, आणि मुंबईच्याच तोंडावर १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांना तो किती झोंबला हे त्यांच्या वारंवार केलेल्या निष्फळ चढायांवरून दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वीच जहाजे सुरक्षित बंदरी छावणीस न्यावीत, लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, इतक्या बारकाव्याने त्यात लिहिले आहे. इंग्रजी अमदानीत १९०८ च्या बंदर अधिनियमाने बंदराच्या संरक्षकाला जे अधिकार दिले, ते कडक होते: कोणते जहाज कोठे बांधावे हे तो ठरवी, मार्गात अडथळा झालेली वस्तू उचलून टाकी, आणि गरज पडल्यास दोर कापण्याची मुभाही त्याला होती. आज मुंबईच्या या गोदीची मालकी बंदर प्राधिकरणाकडे, मासेमारीचा परवाना राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, लिलावाची व्यवस्था मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे, अशी सत्तेची वाटणी आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेकी समुद्रमार्गे कुलाबा भागात उतरल्यापासून बोटींची नोंदणी व खलाशांची ओळखपत्रे यांचा बंदोबस्त वाढला आहे. या सर्वांना एका भरतीच्या वेळेत बसविणे हे बंदराधिकाऱ्याचे कौशल्य, आणि माझ्या मते ते कौशल्य अधिकारापेक्षा मोठे आहे.

परंतु त्या कचेरीत ज्या विषयावर सर्वांत अधिक बोलणे झाले तो विषय गाळाचा. ठाण्याची व पनवेलची खाडी आणि धरमतरला मिळणारी अंबा नदी मुंबईच्या बंदरात चिखल आणून सोडतात. तो चिखल इतका सूक्ष्म असतो की वाहत्या पाण्यात तरंगत राहतो. गोड्या पाण्यातून खाऱ्यात येताच मात्र त्याचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, आणि गोदीसारख्या निवाऱ्यात पाण्याचा वेग मंदावला की तळाशी बसतात. म्हणजे जो शांतपणा बोटींना हवा, तोच गाळालाही हवा असतो. लाटांपासून जितके रक्षण उत्तम, तितका गाळ अधिक. ज्या गोदीचा उपसा थांबला ती काही वर्षांत उथळ होते, आणि मग चांगल्या भरतीखेरीज बोटी आत येत नाहीत, आलेल्या बोटी ओहोटीत अडकतात, लिलावाची वेळ चुकते व मासळीचा भाव पडतो. उद्‌घाटनाच्या शिलालेखावर धक्का बांधणाऱ्याचे नाव येते. गाळ काढणाऱ्याचे नाव कोठेही येत नाही, आणि बंदर मात्र त्याच्यावरच जगते. आमच्याकडच्या धरणांची व तलावांची स्थिती पाहिलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगावे लागत नाही.

सकाळ वर आली की लिलावाचा गलबला ओसरतो व गोदीच्या आडोशाला कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या ओळी दिसू लागतात. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून कोळंबीचे डोके चिमटीने तोडावयाचे, अंगठ्याने कवच सोडवावयाचे, मऊ गर भांड्यात टाकावयाचा. ही क्रिया दोन क्षणांत होते आणि दिवसभर चालते, आणि मजुरी सोललेल्या वजनावर मिळते. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. यांतील पुष्कळ जणी कोळी नाहीत; दक्षिणेकडच्या दुष्काळी मुलखातून आलेल्या बंजारा कुटुंबांतल्या आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून वाहिला, त्यांच्याच समाजाच्या बायका आज त्या कापसासाठी बांधलेल्या गोदीत कोळंबी सोलतात, आणि त्यांच्या हातचा माल परदेशी जातो. त्यांच्या बसण्यासाठी पक्की सावली, हातासाठी मोजे व लेकरांसाठी पाळणाघर एवढी तरतूद या बंदरात झाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बंदर वर्षभर असेच चालते असेही नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते. हा काळ पुष्कळ जातींच्या मासळीच्या प्रजोत्पादनाचा, शिवाय खवळलेल्या समुद्राचा. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात, जाळी दुरुस्त होतात, यंत्रे खोलली जातात. कोळ्यांची जुनी रीत मात्र नारळी पौर्णिमेची, आणि ती तिथी चंद्राबरोबर फिरत असल्याने कायद्याची तारीख व रूढीची तारीख क्वचितच जुळतात; २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली, म्हणजे बंदी उठून पूर्ण महिना झाल्यावर. बंदी आणखी वाढवावी असे म्हणणारे मच्छीमार पुष्कळ आहेत, कारण घाईने निघालेल्या बोटींच्या जाळ्यात लहान पापलेट सापडते आणि पुढचा हंगाम तेवढा उणा होतो. ज्या पापलेटला २०२३ मध्येच राज्यमाशाचा मान मिळाला, त्याच्यासाठी तरी हे म्हणणे ऐकले जावे. तारखेचा वाद सरकारदरबारी चालत राहील. १ ऑगस्टच्या पहाटे मात्र कोणती बोट निघणार हे त्या दिवशीच्या हवेवर ठरते. खांबावर तीन नंबरचा बावटा असेल तर मत्स्यव्यवसाय खाते समुद्रात जाण्याची परवानगी थांबविते, आणि डिझेल व बर्फ भरून सज्ज असलेल्या बोटी गोदीतच बांधून राहतात.